आपल्या अंगणातला धूर

पाणी गढूळ असले तर आपण ते गाळून घेतो. धान्यात खडे असले तर ते निवडून टाकतो. हवा मात्र आपण न गाळता, न निवडता, जशी येईल तशी आत घेतो. आणि तीही दिवसातून हजारो वेळा. म्हणूनच हवेच्या शुद्धतेविषयी मनुष्याने सर्वाधिक दक्ष असावयास हवे होते. प्रत्यक्षात आपण सर्वाधिक उदासीन आहोत ते तिच्याविषयीच.

रस्त्यावर काळा धूर ओकीत एखादी मालमोटार गेली की आपण नाकाला रुमाल लावतो. ती दृष्टीआड झाली की रुमाल खिशात जातो आणि हवा पुन्हा स्वच्छ झाली, असे आपण मानतो. परंतु डोळ्यांना दिसते तेवढेच प्रदूषण, हा समज खरा नव्हे. हवेचा एक शत्रू असा आहे की, ज्या दिवशी आकाश निळे, ऊन लख्ख आणि वारा मंद असतो, त्याच दिवशी त्याचे बळ वाढते. त्याचे नाव ओझोन.

हे नाव ऐकून तुमच्यापैकी काही जण बुचकळ्यात पडतील. 'ओझोन तर आपला रक्षक आहे ना?' असे ते विचारतील. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पृथ्वीपासून सुमारे पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर ओझोनचा जो थर आहे, तो सूर्याची घातक अतिनील किरणे अडवितो. त्याच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्राराष्ट्रांत करार झाला आणि त्याची आठवण म्हणून दरवर्षी १६ सप्टेंबर हा दिवस जगभर पाळला जातो. परंतु विस्तव चुलीत असला तर स्वयंपाक होतो आणि तोच छपरावर पडला तर घर जळते. ओझोनचेही तसेच आहे. आकाशात उंचावर तो जीवन राखतो. जमिनीलगत, आपल्या श्वासाच्या पातळीवर उतरला की तोच जीवनाला अपाय करतो. वस्तू तीच, तिची जागा चुकली एवढेच.

बाझेल येथील शेनबाइन या रसायनशास्त्रज्ञास १८३९ साली एका प्रयोगात विशिष्ट उग्र वास आला आणि त्यावरून ओझोनचा शोध लागला. 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याने या वायूचे नाव ठेवले. आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूच्या एका रेणूत दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन असतात. हा तिसरा अणू मोठा अस्थिर. तो आपल्या जोडीदारांना सोडून जे भेटेल त्याला चिकटू पाहतो. रबराला चिकटला तर रबराला भेगा पडतात. पानांत शिरला तर पानांवर डाग पडतात. फुप्फुसांत शिरला तर त्यांच्या आतील नाजूक अस्तराचा दाह होतो. खोकला येतो, छातीत आवळल्यासारखे वाटते, दम्याचा विकार असणाऱ्यांचा त्रास बळावतो. मुलांना त्याचा धोका अधिक, कारण त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात आणि भर दुपारी मैदानावर धावणारीही तीच असतात.

आता हा ओझोन जमिनीलगत येतो कोठून? आश्चर्याची गोष्ट अशी की, तो कोणत्याही धुराड्यातून अथवा मोटारीच्या नळीतून थेट बाहेर पडत नाही. त्याचा कारखाना म्हणजे उघडे आकाश. इंधन जळते तेव्हा नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. पेट्रोलची वाफ, रंग व टर्पेंटाइन यांचा दर्प, अर्धवट जळालेले इंधन, जाळलेला कचरा यांतून हवेत सहज उडून जाणारी कार्बनयुक्त द्रव्ये मिसळतात. ही दोन प्रकारची द्रव्ये हवेत एकत्र आली आणि त्यांवर कडक ऊन पडले की, त्यांच्या परस्परक्रियेतून ओझोन तयार होतो. सकाळच्या रहदारीत सांडलेली सामग्री दुपारच्या उन्हात शिजते आणि साधारणतः दुपारी व सायंकाळच्या आरंभी ओझोनचे प्रमाण सर्वांत अधिक होते. मेघांनी झाकलेल्या पावसाळी दिवसांत ते उतरते. निरभ्र उन्हाच्या दिवसांत चढते. म्हणजे या गुन्ह्यात सूर्यप्रकाश हा निष्पाप साधन ठरतो आणि गुन्हेगार मात्र सर्वत्र विखुरलेले असतात. त्यांना शोधून काढणे किती अवघड असते, हे एका शहराच्या इतिहासावरून तुम्हांस कळेल.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस हे शहर स्वच्छ ऊन आणि आल्हाददायक हवा यांसाठी प्रसिद्ध होते. एका बाजूस समुद्र आणि अन्य बाजूंस डोंगर, अशी त्याची रचना. १९४३ सालच्या जुलै महिन्यात, दुसरे महायुद्ध चालू असताना, एके दिवशी या शहरावर दाट धुरके पसरले. लोकांचे डोळे झोंबू लागले, घसा जळजळू लागला, थोड्या अंतरावरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी भीती अनेकांस वाटली. तो शत्रू परका नव्हता, हे समजण्यास पुढे बरीच वर्षे लागली. प्रथम एका रसायनांच्या कारखान्यावर संशय घेतला गेला. तेथील काम थांबविले. तरी धुरके हटेना. शहराभोवतालच्या मळ्यांतील पालेभाज्यांची पाने रुपेरी व तपकिरी डागांनी खराब होऊ लागली. गाड्यांच्या रबरास अकाली भेगा पडू लागल्या.

हे कोडे सोडविणारा मनुष्य धुराचा अभ्यासक नव्हता. आरी हागेन-स्मिट हे हॉलंडमध्ये जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ तेथील एका विद्यापीठात अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते. फळाच्या गंधातील सूक्ष्म द्रव्ये गोळा करण्याची त्यांची जी रीत होती, तीच त्यांनी शहराच्या हवेस लावली. मग प्रयोगशाळेत पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र करून त्यांवर प्रकाश पाडला. तेव्हा तोच डोळे झोंबविणारा परिणाम, पानांवरचे तेच डाग आणि रबरावरच्या त्याच भेगा त्यांस आढळल्या. १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांनी आपला निष्कर्ष जगापुढे मांडला: शहराला छळणारा मुख्य वायू ओझोन असून त्याची सामग्री तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतून आणि लाखो नागरिकांच्या मोटारींतून येते.

सत्य कडू असले की ते सहसा एकदम गळी उतरत नाही. काही बड्या उद्योगांच्या तज्ज्ञांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले. नागरिकांनाही आपली आवडती मोटार दोषी आहे हे रुचले नाही. त्या काळी तेथील लाखो घरांच्या परसात कचरा जाळण्याची लहान भट्टी असे. तिच्यावर बंदी घालण्याची भाषा निघताच पुष्कळांनी विरोध केला. 'माझ्या अंगणातल्या एवढ्याशा धुराने काय होणार?' असे प्रत्येक घर म्हणत होते. आणि प्रत्येकाच्या त्या एवढ्याशा धुराची बेरीज आकाशात साचत होती. अखेर १९५७ साली त्या भट्ट्या बंद झाल्या. पुढे कॅलिफोर्निया राज्याने १९६७ साली हवेच्या रक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापिले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिट यांना दिले. १९७० साली सबंध देशासाठी हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. १९७५ सालापासून नव्या मोटारींना धुरातील घातक वायूंचे रूपांतर करणारे उपकरण बसू लागले. पेट्रोल भरताना उडून जाणारी वाफ पकडण्याची सोय पंपांवर झाली. रंगांतील उडून जाणाऱ्या द्रव्यांवरही मर्यादा आल्या.

याचे फळ काय मिळाले? त्या शहरात लोक वाढले, मोटारी तर कितीतरी पटींनी वाढल्या. तरी ओझोनची शिखरमात्रा १९५०च्या दशकात होती त्याच्या एक तृतीयांशाहूनही खाली आली. तेथील हजारो मुलांच्या फुप्फुसांची अनेक वर्षे मोजमापे घेणाऱ्या संशोधकांनी २०१५ साली असे दाखवून दिले की, हवा सुधारत गेली तसतशी नंतरच्या पिढीतील मुलांच्या फुप्फुसांची वाढही अधिक चांगली झाली. हा लाभ त्यांनी मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म धूलिकण कमी होण्याशी जोडला. परंतु ही द्रव्येही बव्हंशी त्याच जळत्या इंधनातून येतात. एका उगमाची शुद्धी केली की अनेक प्रवाह शुद्ध होतात, हाच याचा अर्थ. लढाई मात्र संपलेली नाही. आजही हे शहर ओझोनच्या बाबतीत अमेरिकेतील सर्वांत त्रस्त शहरांत मोडते. सत्तर वर्षांच्या प्रयत्नांनंतरही काम उरावे, यावरून ते किती चिकाटीचे आहे हे ध्यानी घ्यावे.

कोणी म्हणेल, 'दूरदेशीच्या या कथेचा आम्हांस काय उपयोग?' उपयोग आहे. कारण ऊन आपल्याकडे कमी नाही आणि मोटारीही दिवसेंदिवस कमी होत नाहीत. आपल्या देशाने २००९ साली हवेची जी मानके ठरविली, त्यांनुसार आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ओझोन १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. शहरांच्या हवेचा जो निर्देशांक वर्तमानपत्रांत येतो, त्यात मोजल्या जाणाऱ्या आठ प्रदूषकांत ओझोनही आहे. आपण मात्र बहुधा केवळ धुळीचे आकडे वाचतो आणि ओझोनकडे दुर्लक्ष करतो.

शहरातील मनुष्यच या दुर्लक्षाचे फळ भोगतो असेही नाही. वारा शहरातील वायू बाहेर वाहून नेतो आणि वाटेत उन्हात त्यांचा ओझोन बनतो. त्यामुळे कित्येकदा शहराच्या मध्यभागापेक्षा त्याच्या परिसरातील खेड्यांत ओझोनची मात्रा अधिक आढळते. तेथे तो पिकांच्या पानांतील सूक्ष्म छिद्रांवाटे आत शिरतो आणि पानांची अन्न तयार करण्याची शक्ती क्षीण करतो. हिवाळी उन्हात वाढणारा गहू याला विशेष बळी पडतो. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे भारतात गहू व तांदूळ मिळून पन्नास लाख टनांहून अधिक धान्याची हानी झाली. आणि तेवढे धान्य सुमारे नऊ कोटी गरीब लोकांना पुरले असते. मुलांनो, या आकड्यापाशी क्षणभर थांबा. ज्या शेतकऱ्याच्या दारी मोटार नाही, त्याच्या कणसातले दाणे दुसऱ्याच्या मोटारीचा धूर हिरावून नेतो. हा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही, न्यायाचाही आहे.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मी शाळेत मुख्याध्यापक असताना दर शनिवारी आम्ही आवार झाडून काढीत असू. साठलेला पाचोळा, कागद, कधीमधी प्लॅस्टिकच्या पिशव्याही मैदानाच्या कोपऱ्यात गोळा करून पेटवून देत असू. आवार स्वच्छ झाले म्हणून मी मुलांना शाबासकी देई. त्याच मैदानावर मार्च महिन्यात दुपारी तीन वाजता धावण्याचा सराव चाले. एक मुलगी थोडे धावली की खोकत बाजूला बसे. 'सवय झाली की ठीक होईल,' असे म्हणून मी तिला पुन्हा रांगेत उभी करीत असे. तिचा खोकला धुराचा होता, ओझोनचा होता, की आणखी कशाचा, हे मला आज सांगता येणार नाही. मी त्या वेळी ते विचारलेही नाही, एवढे मात्र सांगता येते. जमीन स्वच्छ दिसली की माझे समाधान होई. तो कचरा कोठे गेला याचा विचार माझ्या मनात आला नाही. कचरा नाहीसा होत नसतो. तो जमिनीवरून उठून आपल्या छातीत येतो.

लॉस एंजेलिसच्या नागरिकांप्रमाणेच मीही मनात म्हणत होतो, 'एवढ्याशा धुराने काय होणार?' या वाक्याला उत्तर देणे हाच या लेखाचा हेतू आहे. ओझोनचा उगम एका ठिकाणी असता, तर तेथे टाळे ठोकून आपण मोकळे झालो असतो. तो हजारो ठिकाणी आहे. म्हणून उपायही हजारो ठिकाणी करावा लागतो. परंतु यावरून सर्व भार व्यक्तीच्या सदाचरणावर टाकणे मला मान्य नाही. त्या शहराची हवा केवळ लोकांच्या सद्बुद्धीने सुधारली नाही. आधी शास्त्रज्ञाने सत्य शोधले, मग शासनाने कायदा केला, मग कारखानदारांनी यंत्रे बदलली आणि नागरिकांनी आपल्या सवयी बदलल्या. कायद्यावाचून सदाचरण पांगळे असते आणि सदाचरणावाचून कायदा कागदावर राहतो. आपल्या देशातही ही दिशा अपरिचित नाही. मुंबईत १९२५ सालापासून विजेवर आगगाडी धावते आहे. एप्रिल २०२० पासून सबंध देशात नव्या वाहनांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले असून त्यांसाठी शुद्धतर इंधनही आले आहे.

तथापि एक अडचण प्रामाणिकपणे सांगावयास हवी. २०२० साली साथीच्या काळात रस्ते ओस पडले, तेव्हा जगातील अनेक शहरांत नायट्रोजनची ऑक्साइडे बरीच घटली. परंतु त्यांतील कित्येक ठिकाणी ओझोन कमी होण्याऐवजी काहीसा वाढला. याचे कारण असे की, मोटारींतून ताजा निघणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू शहरातला काही ओझोन स्वतःच खाऊन टाकतो. तो घटला आणि दुसरी द्रव्ये मात्र तशीच राहिली, तर ओझोनला रान मोकळे मिळते. मग मोटारींचा धूर तसाच राहू द्यावा काय? मुळीच नाही. तो धूर स्वतःच विषारी आहे, आणि शहरात दडलेला ओझोन तो पुढे खेड्यांच्या माथी मारतो. यावरून घ्यावयाचा धडा एवढाच की, अर्धा उपाय पुरत नाही. दोन्ही प्रकारची द्रव्ये एकाच वेळी आणि पुष्कळ प्रमाणात कमी केली पाहिजेत. धुराबरोबर इंधनाची वाफ, रंगांतील द्रव्ये आणि कचऱ्याची आग यांवरही लक्ष ठेवले पाहिजे.

म्हणून शासनाने शहरोशहरी आणि गावोगावी ओझोन मोजावा, त्याचे आकडे लोकांना समजतील अशा भाषेत सांगावेत, बसगाड्या व आगगाड्या पुरेशा व सोयीच्या कराव्यात आणि नियम मोडणारा लहान असो वा मोठा, त्याला सारखाच दंड करावा. वडीलधाऱ्यांनी वाहनाच्या धुराची तपासणी वेळेवर करून घ्यावी, सिग्नलपाशी गाडी विनाकारण चालू ठेवू नये, जवळच्या कामास पायी जावे. शाळांनी निरभ्र उन्हाच्या दिवसांत मैदानी खेळ सकाळी घ्यावेत. कारण रुमालाने अथवा साध्या मुखपट्टीने धूळ काही अंशी अडते, परंतु ओझोन अडत नाही. आणि आवारातील पाचोळा खड्ड्यात पुरून त्याचे खत करावे.

तुम्ही मुले गाड्या चालवीत नाही आणि कायदेही करीत नाही. परंतु प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हांला आहे. आपल्या शाळेत, आपल्या आळीत कोणी कचरा पेटवीत असेल, तर 'हा धूर कोठे जाणार?' असे नम्रपणे विचारा. खोकत बाजूला बसलेल्या सोबत्याला चिडवू नका. त्याला सावलीत न्या आणि गुरुजींना सांगा. हा प्रश्न माझ्या शाळेत मला कोणी विचारला असता, तर तो कोपरा केव्हाच विझला असता. तुमच्या शाळेत असा कोपरा असेल, तर तो विझविण्यास उद्याची सकाळ पुरेशी आहे.